रजोनिवृत्तीपूर्व अतिरक्तस्राव

पाळी कायमची जाण्याआधीच्या वर्षांत, म्हणजे साधारण चाळिशीत, ती लांबणे, दिवसेंदिवस न थांबणे आणि अंगावरून नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त जाणे. शेवटच्या पाळीनंतर सलग १२ महिने कोरडे गेले की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. त्याआधीचा चक्र विस्कटण्याचा काळ बहुधा चार-पाच वर्षांचा असतो, कधी त्याहून मोठा. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास. त्यामुळे आपल्याकडे ही ओढाताण पुष्कळदा चाळिशीच्या उंबरठ्यावरच सुरू होते आणि ‘अजून वय कुठे झालंय’ म्हणून ओळखूच येत नाही. ओळखली गेली, तर ‘या वयात व्हायचंच’ म्हणून सोडून दिली जाते.

बोलीतली नावे : बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या जुन्या मराठी घरांत पणजीच्या काळी ‘कावळा शिवायचा’, आजीला ‘अडचण’ यायची, आईच्या पिढीत ‘एम.सी.’ आली आणि गुजराती शेजाराकडून ‘टाइम’ आला. गर्भाशयाला मराठी बाई पिशवी म्हणते, शेजारची गुजराती बाई कोथळी. जास्त रक्त जाण्याला मात्र ‘अंगावरून जातंय’ याखेरीज शब्द नाही, आणि तोही आवाज खाली आणून. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यात मुलीही होत्या. त्या शिकलेल्या घरांची चौथी पिढी आज बँकेत आणि महाविद्यालयांत काम करते, पण औषधाच्या दुकानात पॅड अजून वर्तमानपत्रात गुंडाळूनच मिळते.

किती म्हणजे जास्त : दोन पाळ्यांच्या सुरुवातींमध्ये २४ ते ३८ दिवसांचे अंतर आणि ८ दिवसांपर्यंत स्राव हे सर्वसाधारण मानतात. एका पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० च्या पुढे अतिस्राव, अशी जुनी व्याख्या आहे. ८० मिलिलिटर म्हणजे टपरीवरचा अर्धा चहा. पण घरी कोण मोजतो? म्हणून आता व्याख्या सरळ केली आहे : ज्या स्रावाने बाईचे रोजचे जगणे अडते, तो जास्त.

हे अडणे बारीकसारीक गोष्टींत दिसते. चाळीस मिनिटांचा तास संपेपर्यंत शिक्षिका खुर्चीवर बसत नाही. बसलीच तर उठताना मागे वळून खुर्ची बघते. पॅडवर पॅड लावावे लागते, रात्री दोनदा उठावे लागते, गादीवर जुनी साडी चौपदरी घालावी लागते आणि पंजाबी ड्रेस निवडताना रंग फक्त गडद लागतो. रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडत असतील, तर तो नेहमीचा स्राव नव्हे. सलग दोन-तीन तास दर तासाला पॅड भिजत असेल, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

कारणे : दर महिन्याला इस्ट्रोजेन हे संप्रेरक पिशवीचे आतले अस्तर वाढवते. बीज सुटल्यावर तयार होणारे प्रोजेस्टेरॉन त्या अस्तराला आवर घालते, आणि ते ओसरले की अस्तर एकदम, वेळेवर गळून पडते. चाळिशीत काही महिने बीज सुटतच नाही. मग प्रोजेस्टेरॉन नाही, आवर नाही, आणि अस्तर नुसते वाढत राहते. दोन महिने पाळी येत नाही तेव्हा बाईला वाटते, सुटलो. मग ते जाड अस्तर तुकड्यातुकड्यांनी, आज इथून उद्या तिथून, पंधरा-वीस दिवस गळत राहते. पाणी साठलेल्या जुन्या छतासारखा हा प्रकार : कुठून गळते ते सापडत नाही आणि थांबतही नाही.

प्रत्येक अतिस्रावाचे कारण हेच असेल असे नाही. आंतरराष्ट्रीय स्त्रीरोगतज्ज्ञ महासंघाने २०११ मध्ये कारणांचे नऊ गट केले. पिशवीतल्या गाठी (फायब्रॉइड), आतला मांसल कोंब (पॉलिप), अस्तराचा पिशवीच्या स्नायूत शिरकाव (अ‍ॅडिनोमायोसिस), रक्त गोठण्याचे दोष, रक्त पातळ करणारी औषधे, तांबी हे सगळे त्यांत येते. थायरॉइड मंदावल्यानेही पाळी बिघडते. अस्तराची अवाजवी वाढ आणि कर्करोग ही कारणे विरळ असली, तरी तपासण्याचे मुख्य कारण तीच. शिवाय चाळिशीत दिवस जाऊ शकतात, आणि बिघडलेला गर्भही असाच वाहतो. म्हणून गर्भ-चाचणी आधी.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या : बडोद्यात गौरी-गणपतीपासून नवरात्रापर्यंतचे आठवडे या विषयात वेगळे मोजावे लागतात. गौरी घरात, सोवळ्याचा स्वयंपाक, मग नऊ रात्री गरबा. बाई चिठ्ठीशिवाय दुकानातून नॉरएथिस्टेरॉन आणते आणि पाळी अडवते. ही गोळी प्रोजेस्टेरॉनच्या जातीची. घेत असेपर्यंत अस्तर धरून ठेवते, थांबवली की दोन-तीन दिवसांत अस्तर सुटते. विशीतल्या मुलीचे त्यात बहुधा निभावते. चाळिशीत अस्तर आधीच जाड असले, तर दसऱ्यानंतर येणारी पाळी महिन्याभराची उधारी व्याजासकट वसूल करते. दुसरी अडचण अशी, की दर सणाला गोळी घेतली की आपले खरे चक्र काय हेच कळेनासे होते आणि डॉक्टरला सांगायला तारीख उरत नाही. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेल्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊच नये. आसामात कामाख्येला देवीच्याच पाळीचा उत्सव होतो, आणि आपण देवीपुढे जायला पाळी अडवतो, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

रक्तक्षय : खरे नुकसान इथे होते, आणि हळूहळू होते म्हणून दिसत नाही. गेल्या वर्षी पावागडच्या पायऱ्या चढलेली बाई यंदा माचीवरून मुकाट्याने उडन खटोल्याच्या (रोपवेच्या) रांगेत लागते आणि म्हणते, वय झालं. केस गळणे, धडधड, बर्फ किंवा कोरडे तांदूळ खावेसे वाटणे हीदेखील लोह कमी पडल्याची चिन्हे असतात. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया त्यात मोडल्या. गुजरातचा आकडा ६५ टक्के, देशाहून वाईट. म्हणजे चाळिशीतला पूर आधीच रिकाम्या कोठारावर येतो.

लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर बरीचशी वाया जाते. चहापासून दोनेक तास लांब, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौचाला काळे होते, त्याने घाबरून गोळी सोडू नये. आळिवाचे लाडू जरूर खावेत, पण हिमोग्लोबिन ७ पर्यंत उतरल्यावर लाडवांवर विसंबणे म्हणजे स्वतःची फसवणूक. तेव्हा शिरेतून लोह द्यावे लागते, कधी रक्तही.

तपासण्या : रक्ताची मोजणी, थायरॉइड, सोनोग्राफी. चाळिशीनंतर असा स्राव चालू राहिला, तर अस्तराचा तुकडा तपासून घेण्याकडे भारतीय स्त्रीरोगतज्ज्ञांचा कल असतो. बारीक नळीने तो बाह्यरुग्ण विभागातही काढता येतो. पूर्वी सर्रास व्हायचे ते ‘क्युरेटिंग’ म्हणजे पिशवी धुणे कायमचा उपाय नव्हे. ‘मागे एकदा धुऊन घेतली होती, पुन्हा तेच’ ही तक्रार त्यामुळेच ऐकू येते. सोनोग्राफीच्या कागदावर अस्तर १२ मिलिमीटर लिहिलेले पाहून झोप उडवून घेऊ नये. पाळी चालू असताना ही जाडी महिन्याभरात कमीजास्त होतेच. ४ मिलिमीटरची प्रसिद्ध मर्यादा पाळी गेलेल्यांसाठी आहे.

उपचार : मेफेनॅमिक आम्ल कळाही कमी करते आणि स्रावही थोडा. ट्रॅनेक्सॅमिक आम्ल रक्ताची गुठळी लवकर विरघळू देत नाही. जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्याने ते १९६२ मध्ये पुढे आणले. फक्त जास्त स्रावाचे चार-पाच दिवस घेतल्यास रक्त जवळपास निम्म्याने कमी होते, मात्र गुठळीचा इतिहास असलेल्यांना ते देत नाहीत. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेले ऑर्मेलॉक्सिफीन, ज्याची ‘सहेली’ ही गर्भनिरोधक गोळी, तेही संप्रेरक नसून या कामी येते : ६० मिलिग्रॅम आठवड्यातून दोनदा, १२ आठवडे.

सगळ्यांत परिणामकारक आणि सगळ्यांत नाकारला जाणारा उपाय म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारे साधन. पिशवीत बसवले की ते पाच वर्षे तरी थोडे थोडे प्रोजेस्टेरॉनसारखे औषध सोडते आणि स्राव ७० ते ९५ टक्के कमी करते. नकाराचे कारण शब्दांत आहे. डॉक्टर म्हणतात ‘बसवू या’, बाई ऐकते ‘तांबी’, आणि तांबीने जास्त जाते हे तिला जावेने सांगितलेले असते. तांब्याच्या तांबीबद्दल ते खरेच आहे, या साधनाबद्दल अगदी उलटे. पहिले तीन ते सहा महिने थोडे थोडे डाग दिसतात. हे आधी सांगितले नाही, तर तिसऱ्याच महिन्यात ते काढून टाकायची घाई होते.

मग उरते पिशवी काढणे. देशात झालेल्या अशा शस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून अधिकींचे कारण स्त्रियांनी जास्त रक्तस्राव असेच सांगितले आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सरसकट काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये उघड झाले, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणायला राज्यांना सांगितले. मोठ्या गाठी, कर्करोगाची शंका, औषधांनी न थांबणारा स्राव असेल तर शस्त्रक्रिया योग्यच. पण बीजकोशही बरोबर काढले तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते, आणि हाडे व हृदय दोन्हींना त्याचा भार पडतो. म्हणून ‘पिशवीबरोबर आणखी काय काढणार?’ हे सही करण्याआधी विचारावे. ‘सोसा’ आणि ‘काढून टाका’ यांच्या मधले वर लिहिलेले उपाय बाईला कोणी नीट सांगतच नाही, ही खरी उणीव आहे.

आयुर्वेदात या अवस्थेला असृग्दर किंवा रक्तप्रदर म्हणतात. अशोकारिष्ट आणि दुर्वांचा रस घरोघरी चालतात. ते घेताना तपासणी लांबवू नये.

नोंद : भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेला लाल गोल आणि शेजारी दिवसाच्या पॅडची संख्या, एवढे तीन महिने लिहिले तरी डॉक्टरचे अर्धे काम होते. पुढे हाच कागद शेवटच्या गोलापासून १२ कोरडे महिने मोजायला उपयोगी पडतो. मधे पाळी आली, तर मोजणी पुन्हा एकपासून. १२ महिने पुरे झाल्यानंतर एक डाग जरी दिसला, तरी ती ‘परत आलेली पाळी’ समजायची नाही. त्याच आठवड्यात दाखवायचे.