प्रकल्प आला, शोधणं शिकवायचं राहिलं

प्रकल्पवहीच्या शेवटच्या पानावर ‘संदर्भ : गूगल’ एवढंच लिहिलेलं असतं आणि त्यालाही गुण मिळतात. हे एका दिवसात घडलेलं नाही.

शाळेत संगणक आला तो यंत्र म्हणून. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. तेव्हा इंटरनेट नव्हतंच. १५ ऑगस्ट १९९५ ला ते देशात सर्वांसाठी खुलं झालं, २००१ मध्ये महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आला, २००४ च्या अखेरीस शाळांसाठी केंद्राची आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजना. संगणक कक्ष वाढत गेले, पण भर राहिला तो यंत्राची ओळख आणि टायपिंगवरच.

माहिती शोधायला शिकवण्याची खरी गरज निर्माण झाली २०१० मध्ये. शिक्षण हक्क कायद्यापाठोपाठ राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता-शिकता होणाऱ्या, मूल्यमापनात प्रकल्पाला जागा मिळाली. मुलांनी स्वतः माहिती जमवावी, प्रश्न विचारावेत, हा हेतू चांगलाच होता. पण माहिती शोधायची कशी आणि पारखायची कशी, यासाठी वेळापत्रकात तास नव्हता. मग स्टेशनरीच्या दुकानातले तयार तक्ते आले, सायबर कॅफेत ‘काका, जलप्रदूषणाची माहिती काढून द्या’ सुरू झालं. शोध कॅफेवाल्यानं घेतला, मुलाच्या वाट्याला सुवाच्य अक्षरात उतरवणं आलं. शिक्षकांना मी दोष देणार नाही. भरलेला वर्ग, नोंदींचं ओझं, आणि हे कौशल्य त्यांना तरी कुणी शिकवलं होतं?

पारखण्याचा विचार अभ्यासक्रमात अजिबात नाही असंही नाही. २०१८ पासूनच्या दहावीच्या इतिहासात प्रसारमाध्यमांतल्या माहितीकडे चिकित्सेनं बघायला सांगितलं आहे. जर्मनीतल्या ‘स्टर्न’ साप्ताहिकानं मिळवलेल्या हिटलरच्या रोजनिशा बनावट निघाल्या, हे उदाहरणही दिलं आहे. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. पण उदाहरण छापील साप्ताहिकाचं आहे आणि मुलांपुढचा मजकूर मोबाइलवरचा.

हा फरक वरवरचा नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी १० इतिहासकार, १० तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थ्यांना काही संकेतस्थळं पारखायला दिली. २०१७ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की विद्यार्थीच नव्हे तर इतिहासकारही अनेकदा फसले, कारण ते समोरचं पानच मन लावून वाचत बसले. तपासनीस मात्र लगेच ते पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये गेले आणि ही संस्था कोणाची, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात, हे आधी पाहिलं. आपण मुलांना नेमकं उलट सांगतो : इकडेतिकडे न बघता पान शेवटपर्यंत वाच.

केरळनं यावर काम केलं. तिथल्या ‘काइट’ या सरकारी संस्थेनं ‘सत्यमेव जयते’ उपक्रमातून शाळकरी मुलांना खोट्या बातम्या ओळखण्याचं प्रशिक्षण दिलं आणि पुढे पाचवी व सातवीच्या आयसीटी पुस्तकांतही हा विषय घेतला.