चित्ररथ (प्रजासत्ताक दिन)

राज्ये, केंद्रशासित प्रदेश व केंद्रीय मंत्रालये यांच्या वतीने २६ जानेवारीच्या संचलनात सादर होणारा फिरता देखावा. नवी दिल्लीतील कर्तव्य पथावरील (२०२२ पर्यंत राजपथ) चित्ररथ सर्वपरिचित असून मुंबईत शिवाजी पार्कवरील संचलनातही ते असतात.

उगमाविषयी एकमत नाही. देवतांच्या रथोत्सवाशी चित्ररथाचे नाते जोडले जाते. परंतु तेथे रथ हे मूर्तीचे वाहन असते, त्यावर प्रसंग रचलेला नसतो. म्हणून हे साम्य वरवरचेच मानावे लागते. म्हैसूरच्या दसरा मिरवणुकीचाही दाखला देतात. तिच्यात मुळात हत्ती, लवाजमा व राजाची अंबारी यांनाच मान होता. जिल्ह्यांचे चित्ररथ ही नंतरची भर दिसते. महाराष्ट्रात सार्वजनिक गणेशोत्सवातील देखाव्यांकडे बोट दाखवले जाते. ते अधिक जवळचे असले, तरी बहुतांशी एका जागी उभे असतात. या सर्वांपेक्षा राष्ट्रीय सभेच्या (काँग्रेसच्या) ग्रामीण अधिवेशनांची परंपरा अधिक ग्राह्य वाटते. फैजपूर (डिसेंबर १९३६) येथील अधिवेशननगर चित्रकार नंदलाल बोस यांनी महात्मा गांधींच्या सूचनेवरून बांबूसारख्या स्थानिक सामग्रीने सजवले. हरिपुरा (फेब्रुवारी १९३८) येथे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांची मिरवणूक ५१ बैलांच्या रथातून निघाली. राष्ट्रीय आशय आणि प्रादेशिक कारागिरी यांची सांगड येथे प्रथमच ठळकपणे दिसते.

पहिले संचलन १९५० मध्ये दिल्लीतील आयर्विन स्टेडियममध्ये झाले. १९५५ पासून राजपथ हे त्याचे कायमचे ठिकाण ठरले. चित्ररथांची प्रथा या दोन वर्षांच्या दरम्यान केव्हातरी रूढ झाली असावी.

निवड संरक्षण मंत्रालयाची तज्ज्ञ समिती करते. चित्रकला, शिल्प, संगीत, वास्तुकला, नृत्यरचना इ. क्षेत्रांतील जाणकार तिच्यात असतात. आधी रेखाटने व मग त्रिमितीय प्रतिकृती अनेक बैठकांत तपासल्या जातात. वगळलेल्या राज्यांची नाराजी जवळजवळ दरवर्षी वृत्तपत्रांतून उमटते. प्रत्येक राज्याला तीन वर्षांतून एकदा संधी मिळावी, अशी योजना २०२४ पासून आहे.

मंत्रालय एक ट्रॅक्टर व एक ट्रेलर पुरवते. ट्रेलर सुमारे २४ फूट ८ इंच लांब, ८ फूट रुंद व ४ फूट २ इंच उंच असून त्याची भारक्षमता १० टन असते. पूर्ण देखावा ४५ फूट लांब, १४ फूट रुंद व जमिनीपासून १६ फूट उंच यापलीकडे जाऊ नये, असा दंडक आहे. ट्रेलरपेक्षा देखावा बराच मोठा असल्याने तोल सांभाळणे हेच रचनाकाराचे खरे कसब ठरते. ट्रॅक्टरही विषयानुरूप झाकला जातो. मात्र वळण घेता यावे म्हणून ट्रॅक्टर व ट्रेलर यांमध्ये ६–७ फुटांचे अंतर मोकळे ठेवतात. त्यामुळे देखावा दोन खंडांत कल्पावा लागतो. लोखंडी सांगाड्यावर प्लायवूड ठोकून त्यावर थर्माकोल कोरतात किंवा साच्यातून काढलेले फायबरचे पुतळे बसवतात. रंगकाम सर्वांत शेवटी होते. हे काम दिल्ली छावणीतील राष्ट्रीय रंगशाळेच्या शिबिरात चालते. राज्याच्या नावाखेरीज मजकूर किंवा बोधचिन्ह चालत नाही. नाव पुढे हिंदीत, मागे इंग्रजीत व बाजूंना प्रादेशिक भाषेत लिहितात.

उत्कृष्ट चित्ररथांना पारितोषिके दिली जातात. महाराष्ट्राला २०१५ मध्ये ‘पंढरीची वारी’ व २०१८ मध्ये ‘शिवराज्याभिषेक’ या विषयांवरील चित्ररथांसाठी प्रथम क्रमांक मिळाला. संचलनानंतर चित्ररथ काही दिवस लाल किल्ल्याच्या परिसरातील ‘भारत पर्व’ या महोत्सवात पाहावयास ठेवतात.