एटी-सेव्हन्थ प्रिसिंक्ट (कादंबरीमाला)

एड मॅक्बेन ह्या टोपणनावाने लिहिली गेलेली अमेरिकन गुन्हेगारी कादंबऱ्यांची मालिका. लेखकाचे (१९२६–२००५) जन्मनाव साल्वातोरे लाँबिनो. १९५२ मध्ये त्यांनी कायदेशीररीत्या इव्हान हंटर हे नाव घेतले व त्या नावाने स्वतंत्र लेखनही केले. पहिली कादंबरी ‘कॉप हेटर’ (१९५६), अखेरची ‘फिडलर्स’ (२००५). एकूण संख्या सामान्यतः ५५ सांगतात. मात्र ‘द एम्प्टी अवर्स’ (१९६२) ह्या तीन दीर्घकथांच्या संग्रहासारखी पुस्तके धरावीत की नाही, यावर ती थोडी मागेपुढे होते.

सर्व कथानके एकाच काल्पनिक महानगरात घडतात. शहराचे पाच भाग आयसोला, काम्स पॉइंट, मॅजेस्टा, रिव्हरहेड व बेथटाउन हे अनुक्रमे न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स व स्टेटन आयलंड यांवरून बेतलेले मानले जातात. न्यूयॉर्कचा नकाशा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ९० अंश फिरवला की पश्चिमेकडील हडसन उत्तरेला येऊन हार्ब नदी होते, तर पूर्वेकडील ईस्ट रिव्हर दक्षिणेला डिक्स. ८७ व्या विभागाचे (प्रिसिंक्ट म्हणजे पोलिस विभाग) ठाणे आयसोलात, ग्रोव्हर पार्कसमोर आहे. अनेक संदर्भग्रंथ अख्ख्या शहरालाच आयसोला म्हणतात. ते सैल आहे.

काल्पनिक शहर का, याचे लेखकाने दिलेले कारण व्यावहारिक आहे : खऱ्या पोलिस दलाच्या बदलत्या नियमांशी पदोपदी ताळा घालत बसावे लागू नये. शहर, माणसे व स्थळे काल्पनिक, पोलिसी कार्यपद्धती मात्र प्रस्थापित तपासतंत्रावर आधारलेली, अशी टीप पुस्तकांच्या आरंभी असते. ह्या सोयीचा परिणाम काळावरही झाला. मुख्य डिटेक्टिव्ह स्टीव्ह कॅरेला अर्धशतकात चाळिशीच्या आसपासच रेंगाळतो. कायदा मात्र थांबत नाही. चौकशीपूर्वी हक्क सांगणे पोलिसांना बंधनकारक करणाऱ्या, अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६ च्या मिरांडा निकालानंतरच्या कादंबऱ्यांत संशयिताला त्याचे हक्क वाचून दाखवण्याचा प्रसंग वारंवार येतो. ठशांची पत्रके, शवविच्छेदनाचे अहवाल, पोलिसी फॉर्म पानावर जसेच्या तसे छापण्याची पद्धतही ह्याच वृत्तीतली. कागद खरा वाटला की शहर आपोआप खरे वाटते.

पोलिसी कार्यपद्धतीच्या कादंबरीचा जनक कोण, हा वाद जुना आहे. काही अभ्यासक लॉरेन्स ट्रीट यांच्या ‘व्ही अ‍ॅज इन व्हिक्टिम’ला (१९४५) पहिला मान देतात. काहींच्या मते हिलरी वॉ यांच्या ‘लास्ट सीन वेअरिंग’मध्ये (१९५२) हा प्रकार खऱ्या अर्थाने आकाराला आला. १९४९ मध्ये सुरू झालेल्या ‘ड्रॅगनेट’ ह्या नभोवाणी मालिकेचा मॅक्बेन यांच्यावरील प्रभावही सहसा मान्य केला जातो. ट्रीट यांचा कालक्रमातील अग्रक्रम नाकारता येत नाही. पण एका नायकाऐवजी संपूर्ण तुकडीलाच नायकत्व देणे आणि ते मालिकाभर टिकवणे, याचे श्रेय मॅक्बेन यांच्याकडे जाते, असे मानणे अधिक सयुक्तिक. ‘द पुशर’मध्ये (१९५६) कॅरेलाचा मृत्यू योजलेला होता, संपादकाच्या आग्रहामुळे तो वाचला. यावरून एकच नायक ठेवण्याचा लेखकाचा मूळ इरादा नव्हता, हे दिसते.

तुकडीत मायर मायर, बर्ट क्लिंग, कॉटन हॉज, आर्थर ब्राउन व लेफ्टनंट पीटर बर्न्स हे प्रमुख. ऐकू-बोलू न शकणारी टेडी ही कॅरेलाची पत्नी. ‘द हेकलर’पासून (१९६०) डेफ मॅन हा खलनायक अधूनमधून परततो. ‘लेडी, लेडी, आय डिड इट’मध्ये (१९६१) क्लिंगची वाग्दत्त वधू पुस्तकांच्या दुकानातील गोळीबारात मारली जाते; मालिकेतील काळोख येथे अधिक गडद होतो.

‘किंग्ज रॅन्सम’वरून (१९५९) अकिरा कुरोसावा यांनी ‘हाय अँड लो’ (१९६३) हा चित्रपट केला. त्यात शहर जपानी झाले. दूरचित्रवाणी मालिका १९६१-६२ मध्ये प्रसारित झाली. स्वीडिश लेखकद्वय माय श्योवाल व पेर वालो यांनी काही कादंबऱ्यांचे स्वीडिशमध्ये भाषांतर केले.