वाऱ्यात छर्रा किती सरकतो?

शाळू दाणे भरायला लागला की शिरोळकडच्या रानात भोरड्यांचे थवे उतरतात. परवा बांधावर बसलो होतो तेव्हा शेजारच्या पोराने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. इंग्लंडमधला एक शेतकरी भणाणत्या वाऱ्यात एअरगनने रानकबुतरं टिपत होता, आणि नेम पक्ष्यावर न धरता वारा येतो त्या बाजूला जरासा सरकवून धरत होता. पोराने विचारलं, "काका, वारा छर्ऱ्याला ढकलतोय न्हवं?"

तिकडे पिकाची नासाडी करणाऱ्या रानकबुतरांना मारायला कायद्याची ठरावीक मुभा आहे. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पोपट मारणं गुन्हा आहे. भोरड्या तर टोळांचा फडशा पाडणारा पक्षी. तेव्हा आपण बांधावर एक रिकामा डबा ठेवू आणि त्यावरच नेम धरू.

वारा छर्ऱ्याला ढकलतो असं जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं. हिशोब करून बघू. छर्रा 4.5 मिलिमीटरचा, वजन अर्धा ग्रॅम, सुटतानाचा वेग सेकंदाला 200 मीटर. डबा 40 मीटरवर. हवा नसती तर छर्रा 0.20 सेकंदात पोचला असता. हवेच्या रोधामुळे त्याला साधारण 0.23 सेकंद लागतात. आडवा वारा सेकंदाला 4 मीटर, म्हणजे ताशी 14 किलोमीटर. वारा छर्ऱ्याला पाचोळ्यासारखा सोबत घेऊन गेला असता, तर तो 0.23 गुणिले 4, म्हणजे 92 सेंटिमीटर सरकला असता. चांगला दोन हात! प्रत्यक्षात सरकतो साधारण 12 सेंटिमीटर, अर्धी वीत.

मग बाकीचं गेलं कुठे? मला या प्रश्नाचं उत्तर फार आवडतं, म्हणून सावकाश सांगतो.

कल्पना करा, तुम्ही वाऱ्याबरोबर त्याच्याच वेगाने चालताय. आता तुमच्यापुरती हवा स्तब्ध आहे. उलट शेत, बंदूक आणि डबा हे सगळंच सेकंदाला 4 मीटरने मागे सरकताना दिसतंय. बंदूकच सरकत असल्यामुळे छर्ऱ्याला नळीतून सुटतानाच तेवढा आडवा वेग मिळालेला असतो. छर्रा डमरूसारखा, कमरेत बारीक. त्यामुळे समोरून येणाऱ्या हवेकडे तो तोंड करून राहतो आणि हवा त्याला सरळ मागे ओढते. म्हणजे पुढचा आणि आडवा, दोन्ही वेग सारख्याच प्रमाणात घटतात. रोध नसता तर छर्रा आणि डबा आडवे बरोबरीने सरकत राहिले असते आणि नेम चुकलाच नसता. रोधामुळे छर्ऱ्याला 0.03 सेकंद उशीर होतो, आणि तेवढ्या वेळात डबा 12 सेंटिमीटर पुढे निघून जातो. वाऱ्याचा वेग गुणिले उशीर, बस्स. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच तोफखाना अधिकारी इझिदोर दिदियों याच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं.

यातून आणखी एक गोष्ट निघते. छर्रा सुटल्यासुटल्या वाऱ्याने वाकडा झाला, तर तो वाकडेपणा उरलेल्या सगळ्या वाटेवर वाढत जातो. डब्याजवळच्या वाऱ्याला तेवढी सवडच मिळत नाही. म्हणून उसाच्या फडाच्या आडोशाला उभं राहून मोकळ्या रानात नेम धरणं सोपं, आणि मोकळ्यात उभं राहून आडोशातला डबा उडवणं अवघड. 50 मीटर रायफलच्या रेंजवर वारा दाखवणाऱ्या झेंड्या नेमबाजापासून 10 आणि 30 मीटरवर लावतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते याच अंतराच्या प्रकारात. त्यात दहा गुणांचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं असतं.

"जास्त वेगाची बंदूक घ्या, वाऱ्याची चिंता सोडा" अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. ध्वनीच्या वेगाजवळ, सेकंदाला 340 मीटरच्या आसपास, रोध एकदम चढतो, आणि रोध वाढला की उशीरही वाढू शकतो. 50 मीटरच्या स्पर्धेतली काडतुसं मुद्दाम त्या वेगाच्या जरा खाली ठेवलेली असतात. पाखरं पळवणारी अल्ट्रासोनिक यंत्रं हा तसाच दुसरा प्रकार. आपल्याला 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, बहुतेक पक्ष्यांना त्याच्या निम्म्याच्या पुढे फारसं ऐकू येत नाही. जो आवाज भोरडीच्या कानावरच पडत नाही, त्याला ती भिणार कशी? अशा यंत्रांवर कष्टाचे पैसे गेलेले पाहिले की जीव तुटतो.

पोराला मी चकचकीत फीत आणायला सांगितली. दोन काठ्यांमध्ये एखादा पीळ देऊन ती बांधली की वाऱ्यात फरफरते, घूं घूं वाजते, उन्हात लखलखते. दर चार दिवसांनी जागा बदलायची, नाहीतर पाखरं सरावतात. संध्याकाळी दोघांनी मिळून दोन ओळी बांधल्या, आणि वारा सुटायची वाट बघत बांधावर बसलो.