पार्श्वभूमी : 'केप डच' घर कसं घडलं

दक्षिण आफ्रिकेत केप टाउनहून स्टेलेनबॉश गावाकडे जाताना द्राक्षमळ्यांमध्ये पांढरीशुभ्र घरं दिसतात. गवतानं शाकारलेलं छप्पर, समोर लांब ओटा आणि दारावर वळणदार, उंच चढवलेली भिंत, म्हणजे गेबल. या घरांना 'केप डच' म्हणतात, पण त्यांतलं हॉलंडचं फार थोडं आहे.

1652 साली डच ईस्ट इंडिया कंपनीनं इथे ठाणं वसवलं ते पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना भाजी, मांस, पाणी पुरवण्यासाठी. 1657 पासून कंपनीनं आपल्याच काही नोकरांना शेतीला जमिनी दिल्या. या जमिनी इथल्या मूळच्या खोइखोइ पशुपालकांच्या कुरणांच्या होत्या. त्यांची घरं वाकवलेल्या काठ्यांवर लव्हाळ्याच्या चटया टाकून उभी राहत आणि मुक्काम हलला की बैलांवर लादून नेता येत. वसाहतवाल्यांच्या जाड भिंती उभ्या राहिल्या तसा खोइखोइंचा वावर आक्रसत गेला.

या घराचा आराखडा ठरवला तो छपरानं. मिळणाऱ्या तुळयांची लांबी बेताची, त्यामुळे खोल्यांची रुंदी साधारण 6 मीटरच्या आत. घर मोठं करायचं तर रुंद करता येत नसे, मागे किंवा बाजूला नवा भाग जोडावा लागे. म्हणून या घरांचे नकाशे इंग्रजी टी, यू, एच अक्षरांसारखे दिसतात. गवत स्थानिक, चुना समुद्राचे शिंपले भाजून केलेला. छपराला आग लागली तर जळतं गवत दारासमोर कोसळू नये, हा दारावरच्या गेबलचा एक उपयोग सांगतात. केप टाउन शहरात मात्र आगींच्या भीतीनं गवत मागे पडलं आणि सपाट छपरं आली.

नक्षीदार गेबलांना बहर आला 18व्या शतकाच्या उत्तरार्धात, गहू आणि वाइनच्या पैशावर. तो पैसा गुलामांच्या श्रमाचा होता. मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशियाची बेटं आणि आपल्याकडचे बंगाल, मलबार, कोरोमंडल इथून माणसं विकत आणली जात. त्यांच्यात गवंडी होते, सुतार होते. घरात त्यांची जागा स्वयंपाकघर, माळा किंवा बाहेरची खोपटी. केप टाउनमध्ये कंपनीच्या गुलामांसाठी 1679 मध्ये बांधलेल्या इमारतीला बाहेरच्या बाजूला खिडक्या जवळपास नव्हत्याच. या घरांबद्दल बोलताना ही इमारत वगळणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

ब्रिटिश अमलात गुलामगिरी कायद्यानं 1834 मध्ये संपली, तरी सक्तीच्या उमेदवारीतून, म्हणजे जुन्या मालकाकडेच राबत राहण्याच्या बंधनातून, सुटका व्हायला 1838 उजाडलं. पुढे 1890च्या दशकात केप वसाहतीचा पंतप्रधान सेसिल ऱ्होड्सनं आपलं ग्रूट स्क्यूर हे घर हर्बर्ट बेकरकडून जुन्या गेबलांच्या धर्तीवर करून घेतलं. हाच बेकर नंतर नवी दिल्लीच्या सचिवालयाचा वास्तुकार झाला. 1910 मध्ये वसाहती एकत्र येऊन दक्षिण आफ्रिकेचा संघ झाल्यावर ही शैली डच आणि इंग्रज गोऱ्यांचा समाईक वारसा म्हणून मिरवली गेली. त्या वर्णनात हॉलंड होतं, मळ्यांचे मालक होते. शिंपले भाजणाऱ्या, विटा रचणाऱ्या माणसांचा उल्लेख मात्र क्वचितच असे.