मोळीचा फास वेगळा, माणसाचा फास वेगळा

विहिरीत माणूस पडला की वावरातून लोक धावतात, कोणीतरी बंडीचा नाडा सोडून आणतं, टोकाला पटकन फास करतं आणि खाली सोडतं. तो फास बहुतेक वेळा सरकता असतो. वरून ओरडणारे सांगतात, "काखेत घाल अन् घट्ट धर!" इथंच चुकतं, आणि दर पावसाळ्यात तेच चुकतं.

सरकता फास सगळ्यांना येतो. टोकाला छोटी कडी, तिच्यातून दोर ओवला, ओढला की आवळला. मोळी, कडब्याच्या पेंढ्या, ओढून न्यायचा ओंडका, यांना तोच बरा. त्यावर जास्त बोलायचं कारण नाही.

दुसरा फास बोलाइनचा, म्हणजे न सरकणाऱ्या गाठीचा. स्काउटमध्ये किंवा एनसीसीत असलेल्या पोरांनी तो कधीतरी मारलेला असतो आणि परीक्षा झाली की विसरलेला असतो. तयार झाल्यावर दोन्ही फास लांबून सारखेच दिसतात. दोराचं टोक, त्याला गोल. फरक वजन पडल्यावर कळतो: सरकत्या फासाचा गोल लहान होत जातो, बोलाइनचा गोल बांधला तेवढाच राहतो.

"पण फास घट्ट बसला तर माणूस निसटत नाही ना?" हे मला नेहमी ऐकवलं जातं. साठ किलोचा माणूस सरकत्या फासात लटकला की त्याच्याच वजनाने दोर बरगड्यांवर आवळत जातो. त्याने श्वास सोडला की छाती जराशी आत जाते आणि फास तेवढा पुढे सरकतो. मग श्वास घ्यायला छाती फुगवावी, तर दोर मागे येत नाही. पाण्यातून वाचलेला माणूस दोरात गुदमरतो. बोलाइनमध्येही काखेत दोर रुततो, दुखतं, पण गोल लहान होत नाही. बैलाच्या गळ्यात सरकता फास घालणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही. जनावराच्या बाबतीत जे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, ते माणसाच्या वेळी गडबडीत काहून विसरतो?

आता बोलाइन बांधायची कशी. तुमच्या हाताकडे येणारा दोर म्हणजे मुख्य दोर. मोकळ्या टोकाकडे माणसाच्या छातीभोवती सैल बसेल एवढा दोर सोडा. तिथे मुख्य दोरात छोटी कडी करा, पण टोकाकडचा भाग मुख्य दोराच्या वरून गेला पाहिजे. मग मोकळं टोक कडीच्या खालून वर काढा, मुख्य दोराच्या मागून वळवा आणि त्याच कडीतून परत खाली घाला. एका हातात मुख्य दोर, दुसऱ्या हातात टोक आणि गोलाची जवळची बाजू धरून आवळा.

सगळी फसगत त्या पहिल्या कडीत आहे. ती उलटी पडली, म्हणजे टोकाकडचा भाग मुख्य दोराच्या खालून गेला, तर पुढचं सगळं बरोबर करूनही गाठ सुटते किंवा सरकते. म्हणून खाली सोडण्याआधी गोल स्वतःच्या गुडघ्यावर चढवा आणि दोर जोरात ओढा. गुडघा आवळला तर सोडून पुन्हा बांधा. टोक वीतभर तरी बाहेर उरलं पाहिजे आणि त्याची शेजारच्या दोरावर आणखी एक साधी गाठ मारा. गुळगुळीत प्लास्टिकच्या दोरात बोलाइन सैल पडली की हळूहळू सुटते, हा तिचा खरा दोष आहे.

खालचा माणूस शुद्धीवर असेल तर गोल डोक्यावरून घेऊन दोन्ही काखांखाली, गाठ छातीपुढे. हात खालीच ठेवायला सांगा. वर केले की तो गोलातून घसरतो. वरच्याने दोर कमरेला बांधायचा नाही, दोघे जातील. कडुनिंबाला किंवा बाभळीला वेढा देऊन बाकीच्यांनी ओढावं.

दोन दोर जोडायला मारतात त्या रीफ गाठ आणि आडगाठीचा घोळही असतो, पण तो फार महत्त्वाचा नाही. दोन दोर जोडून माणूस ओढायचा असेल तर दोन्ही नकोत. एकच लांब दोर आणा.

दोराचं मात्र सांगतो. दुकानात निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या दोरालाही नायलॉन म्हणून विकतात. तो बहुधा पॉलिप्रॉपिलीन असतो. तो पाण्यावर तरंगतो, त्यामुळे पुरात फेकायला चांगला, पण उन्हात वर्षभर पडला की तंतू ठिसूळ होतात. खरा नायलॉन पाण्यात बुडतो, ताणला जातो आणि झटका सोसतो. विहिरीसाठी मला तोच हवा. कुठल्याही दोराला गाठ मारली की त्याची ताकद बरीच घटते, म्हणून बोटाएवढा जाड घ्या.

उन्हाळ्यात गाळ काढायच्या विहिरीत माणूस पडून निपचित असेल, किंवा आत डिझेल इंजिन चालू होतं, तर वायूचा धोका आहे. अशा वेळी दुसऱ्याने खाली उतरायचं नाही, गाठ कितीही पक्की असो. 112 ला फोन करा. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपुरात असते, आणि गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. मदत पोचेपर्यंत गावाचाच दोर कामाला येतो.

म्हणून पोळ्याला बैलांसाठी नवे दोर घ्याल तेव्हा विहिरीसाठी एक वेगळा घ्या, विहिरीच्या खोलीच्या दुप्पट लांब, सावलीत टांगलेला. त्याने ट्रॅक्टर ओढायचा नाही आणि म्हैस बांधायची नाही. शेजारी मागायला आला तरी द्यायचा नाही.