बांगडीची तोफ की ओतीव? लाकूड कापण्याआधीचा प्रश्न

तोफेच्या अंगावर गोल कडी दिसली की ती बांगडीची, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. माझाही होता. त्याच समजात मी पहिली लाकडी तोफ केली. मापं घेतली एका ओतीव लोखंडी तोफेची आणि अंगावर मात्र प्लायवूडच्या अठरा बांगड्या चढवल्या. शिवजयंतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर ती झकास दिसली, लोकांनी तिच्याबरोबर फोटो काढले. मग कॉलेजातला एक पोरगा बराच वेळ तिच्याभोवती घुटमळला आणि म्हणाला, "ओ काका, ही कुठली हाय नक्की? शेपूट ओतीव तोफेचं, अंग बांगडीचं. दोन तोफा जोडल्यात काय?"

राग आला, पण पोरगं बरोबर बोलत होतं. तेव्हापासून कुणी लाकडी तोफ करायची म्हणालं की मी आधी हाच प्रश्न विचारतो: तिच्यावरची कडी कामाची आहे की शोभेची?

बांगडीची तोफ म्हणजे एका अर्थाने लोखंडाचं पिंप. लांब लोखंडी पट्ट्या एका गोल गाभ्याभोवती कडेला कडा लावून उभ्या मांडायच्या आणि त्यांच्यावर तापवून लाल केलेली लोखंडी कडी एकामागून एक सरकवायची. कडं थंड होताना आकसतं आणि पट्ट्यांना आवळून धरतं. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव चढवतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. गोवऱ्यांच्या जाळात धाव तापवायची, चाकावर ठोकून बसवायची, वर पाणी ओतायचं. चाक करकरतं आणि सगळे सांधे घट्ट मिटतात. तीच युक्ती इथे तोफेच्या पूर्ण लांबीभर केलेली असते. बऱ्याच तोफांत कड्यांचा दुसरा थरही असतो, पहिल्या थरातल्या फटींवर बरोबर बसणारा. माझा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला, त्यामुळे मला ती नेहमी ताण्याबाण्यासारखी दिसते: पट्ट्या म्हणजे उभा ताणा, बांगड्या म्हणजे आडवा बाणा. बाणा काढला तर ताण्याचे नुसते दोरे उरतात. इथेही बांगड्या काढल्या तर उरेल ती लोखंडी पट्ट्यांची मोळी.

ओतीव तोफेत असं काही सुटं नसतं. धातू वितळवला, साच्यात ओतला, एकसंध नळी निघाली. मग तिच्यावर ती कडी कशाला? बहुतेक वेळा शोभेला, आणि जिथे नळीची जाडी बदलते तो टप्पा झाकायला. दारू पेटते ती मागे बुडाशी, दाब तिथे सगळ्यात जास्त, म्हणून तोफ मागे जाड असते आणि तोंडाकडे टप्प्याटप्प्याने निमुळती होत जाते. प्रत्येक टप्प्यावर ओतारी एक वळं काढतो. ते वळं नळीच्याच अंगातून उठलेलं असतं, वरून चढवलेलं नसतं. मी केलेली चूक नेमकी ही: वळ्यांना बांगड्या समजलो.

दुसरा एक गैरसमज म्हणजे बांगडीची तोफ जुनी आणि ओतीव नवी. युरोपात साधारण तसं घडलं असेल, पण दख्खनमध्ये हा क्रम लावायला गेलात तर फसाल. आपल्याकडे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदले, आणि त्याचं कारण भट्टीत आहे. कांसं, म्हणजे तांबं अधिक कथील, हजार अंशांच्या आतबाहेर वितळतं. शुद्ध लोखंडाला दीड हजारांच्या वर उष्णता लागते. आपल्या भट्ट्यांमधून लोखंड पातळ होऊन वाहत नसे. ते स्पंजासारख्या गोळ्याच्या रूपात निघे आणि घणाने ठोकून त्याची पट्टी होई. म्हणजे ज्याच्याकडे तांब्याकथलाला पैसा तो ओतणार, आणि ज्याच्याकडे लोखंड आणि तरबेज लोहार तो घडवणार. इंग्लंडात एकसंध ओतीव लोखंडी तोफ १५४३ मध्ये ससेक्समधल्या बक्स्टेडला निघाली. आपल्या किल्ल्यांवर पडलेल्या ओतीव लोखंडी तोफांपैकी बऱ्याच युरोपी बनावटीच्या असतात. ज्यांच्यावर राजमुकुट आणि वजनाचे आकडे कोरलेले दिसतात, त्या तर नक्कीच.

दोन्ही प्रकार एकाच दिवशी बघायचे असतील तर सोलापूरकरांसारखे नशीबवान कोणी नाही. सकाळची विजापूरची गाडी धरायची, शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर. शेरझा बुरुजावर मुलूख-ए-मैदान आहे, ओतीव, काशाची. १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी या ओताऱ्याने ती ओतली. लांबी साडेचार मीटरच्या आसपास, वजन सुमारे ५५ टन, तोंड एवढं रुंद की आत माणूस वाकून बसेल. ते तोंडही सिंहाच्या जबड्याचं, आणि जबड्यात हत्ती चिरडलेला. नगरहून ती परांड्याला आली आणि परांड्याहून १६३२ च्या सुमारास विजापूरला. म्हणजे आपल्याच भागातून गेलेली तोफ. (१८५४ मध्ये इंग्रजांनी तिचा लिलाव मांडला तेव्हा बोली लागली १५० रुपये. तो सौदा रद्द झाला म्हणून आज ती बघायला मिळते. दीडशे रुपयांत आज माझ्या तोफेचा रंगसुद्धा येत नाही.)

तिथून थोडं चाललं की उपली बुरुज, १५८४ च्या सुमारास हैदरखानाने बांधलेला, उंच, बाहेरून गोल फिरत जाणाऱ्या पायऱ्यांचा. वर लांबचरी नावाची तोफ पडलेली आहे. नऊ मीटरच्या वर लांब, लोखंडी, पट्ट्या आणि कड्यांची. मुलूख-ए-मैदान बुटकी आणि बोजड, ही काठीसारखी सडसडीत. एक ओतलेली, एक बांधलेली. ओतीव तोफ आधीची आणि बांगडीची तोफ नंतरच्या बुरुजावर, हे बघितलं की वरचा गैरसमज आपोआप गळतो. तंजावरची प्रचंड बांगडी तोफ तर त्याहूनही अलीकडची, सतराव्या शतकातल्या नायकांच्या काळातली.

ओळखायची सोपी रीत म्हणजे तोफेच्या तोंडासमोर बसायचं. कापलेल्या तोंडावर कलिंगडाच्या फोडींसारख्या रेघा फाकलेल्या दिसल्या तर त्या पट्ट्यांच्या कडा, म्हणजे बांगडीची तोफ. तोंड एकसारखं, बिनसांध्याचं असेल तर ओतीव. मग अंगावरच्या कड्यांवरून हलकी नजर फिरवायची. बांगड्यांची रुंदी कधीच सारखी नसते. एक चार बोटं, एक साडेतीन, कुठे कडा उचललेली, कुठे घणाची चपटी खूण. गंज धरतो तोही आधी सांध्यांमध्ये. ओतीव तोफेची वळी घोटीव, समान आणि मोजून ठेवलेली असतात, आणि त्यांच्यामधलं अंग गुळगुळीत सुटतं.

लोहचुंबकाचा उपयोग लोकांना वाटतो तेवढा नाही. काशाला तो चिकटणार नाही, लोखंडाला चिकटेल, एवढंच. ओतीव लोखंड आणि घडीव लोखंड यांत तो फरक करत नाही. पण एका बाबतीत मजा येते. आपल्याकडच्या वाटाड्यांनी प्रत्येक तोफेला 'पंचधातूची' हे बिरुद लावून ठेवलंय, आणि त्यातल्या कितीतरी तोफांना खिशातला चुंबक टक्कन चिकटतो. अर्थात या सगळ्या संरक्षित वास्तू आहेत. खरवडू नका, वर चढू नका, माप घ्यायचं तर तिथल्या माणसाला विचारून कापडी टेपने घ्या.

आता लाकूड. इथे गंमत अशी की लाकडात दोन्ही तोफा फळ्यांच्याच होतात, कारण अख्खा ओंडका सोलापूरच्या उन्हात टिकत नाही. मी आंब्याचा ओंडका घेऊन बघितला. फेब्रुवारीत तो सुरेख होता, एप्रिलअखेरीला त्याला बोट जाईल एवढी उभी चीर पडली. ओंडक्याचा बाहेरचा भाग आतल्या गाभ्याआधी वाळतो आणि आकसतो, आतलं हटत नाही, मग फाटायला दुसरी जागा नसते. पट्ट्या जोडून पोकळ नळी केली की हा ताण मोकळा होतो. शिवाय वजन वाचतं. सहा फुटांची, साधारण अठ्ठावीस सेंटिमीटर जाडीची पोकळ नळी चीडच्या लाकडात तीस-पस्तीस किलोत बसते. तीच लोखंडाची असती तर अर्ध्या टनाच्या घरात गेली असती.

बारा पट्ट्यांची नळी करायची तर प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा पंधरा अंशांनी कापायच्या. बाहेरचा व्यास तीस सेंटिमीटर हवा असेल तर पट्टीची बाहेरची रुंदी साधारण आठ सेंटिमीटर येते. कागदावर हे सोपं दिसतं. पण करवतीचा कोन अर्धा अंश जरी चुकला तरी चोवीस कडांवर मिळून बारा अंशांची चूक जमते, आणि शेवटची पट्टी बसवताना तोफ चक्क तोंड वासते. म्हणून आधी टाकाऊ लाकडाच्या बारा बोटभर पट्ट्या कापून, त्या चिकटपट्टीवर ओळीने मांडून गुंडाळून बघा. पुरते शिकंजे कोणाकडेच नसतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून आवळले की फेविकॉल सुकेपर्यंत नळी छान दाबात राहते.

इथपर्यंत दोन्ही तोफा सारख्या. इथून पुढे वाट फुटते.

ओतीव तोफ असेल तर सांधा दिसता कामा नये. नळी फिरवत फिरवत रंध्याने गोल करायची आणि टप्प्यांचा आकार उतरवायचा. सहा फुटांची नळी घेणारा लाकडी लेथ सहसा मिळत नाही. मी बंद पडलेल्या मागाच्या बीमचे, म्हणजे ताणा गुंडाळायच्या रुळाचे, दोन स्टँड भंगारातून आणले, नळीच्या मधोमध पाइप घातला, भाचा हाताने फिरवतो आणि मी हत्यार धरतो. तोफेच्या बाजूचा आकार कापलेली एक फळी कडेला उभी करतो, जिथे लाकूड तिला घासेल तिथे अजून काढायचं. हे मी स्वतः शोधून काढलं या आनंदात होतो. पुढे कळलं की युरोपातल्या ओतशाळांत साच्यासाठी अगदी हेच करत. आडव्या दांड्यावर पेंढ्याचा दोर गुंडाळायचा, वर चिखल थापायचा, आणि आकार कापलेल्या फळीला घासत दांडा फिरवायचा. ओतीव तोफेची वळी इतकी नेमकी का असतात याचं उत्तर त्या फिरण्यात आहे. मग लांबी (पुट्टी) भरायची, पॉलिश कागद मारायचा, अस्तर द्यायचं, आणि पुन्हा लांबी. काशाची तोफ असेल तर सोनेरी रंग लावू नका, ती देव्हाऱ्यातल्या समईसारखी दिसते. मातकट तपकिरी, खोबणींत किंचित हिरवट.

बांगडीची तोफ करताना हेच सगळं उलटं. नळीला लांबी भरायची गरज नाही, तोंडावरच्या पट्ट्यांचे सांधे तर पटाशीने थोडे उघडे करायचे. बांगड्या प्लायवूडमधून जिगसॉने कापायच्या, पण एकाच मापाने कापायच्या नाहीत. माझ्या दुसऱ्या तोफेत मी हीच चूक केली. सगळ्या कड्या एकसारख्या, घासूनपुसून लखलखीत, आणि तोफ दिसायला लागली मधल्या मारुतीच्या दुकानातल्या काचेच्या बांगड्यांच्या चळतीसारखी. आमचे मिस्त्री हसले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही लई नीट केलंय." तेव्हापासून मी कड्या कापून त्यांच्यावर हातोडी चालवतो, एखादी जरा तिरकी बसवतो, दोन कड्यांमध्ये कुठे फट ठेवतो, कुठे नाही. बुडाकडे कड्यांचा दुसरा थर हवाच. वर काळा रंग, तो सुकला की ग्राफाइटची पूड कापडाने घासायची म्हणजे लोखंडाची निळसर झाक येते, आणि सांध्यांत थोडी गेरूची धूळ.

बांगडी निखळली तर काय होतं हे बघायचं असेल तर एडिनबरोच्या किल्ल्यातल्या मॉन्स मेगचे फोटो शोधा. १४४९ ची ही बांगडी तोफ सतराव्या शतकाच्या अखेरीस सलामी देताना फुटली, आणि तुटलेल्या कड्यांखालच्या पट्ट्या अजून तशाच उघड्या दिसतात. मी माझ्या नळीच्या आतला भाग त्या फोटोंवरूनच शिकलो.

यावरून एक गोष्ट बजावून सांगतो. दिवाळीत कोणीतरी हमखास म्हणतं, आत एक सुतळी बॉम्ब टाकून बघू. टाकू नका. घडीव लोखंड फुटलंय तिथे फेविकॉल काय धरणार? लाकडी तोफ दिसण्यापुरतीच असते, आणि दिसण्यापुरती असूनही तिने युद्धात काम केलेलं आहे. अमेरिकी यादवी युद्धात सेंटरव्हिलला दक्षिणेच्या सैन्याने काळे रंगवलेले ओंडके तटबंदीवर मांडून ठेवले होते, आणि १८६२ मध्ये ते निघून गेल्यावर उत्तरेवाल्यांना ते ओंडके आहेत हे कळलं. ते ओतीव दिसत होते की बांगडीचे, हे लांबून कोणी बघितलं नसणार.

माझ्या पहिल्या तोफेच्या अठराही बांगड्या मी काढल्या. खाली खिळ्यांची भोकं होती, ती लांबीने बुजवली, वळी लाकडातच उठवली, आणि आता ती बऱ्यापैकी ओतीव दिसते. काढलेल्या बांगड्या फेकल्या नाहीत. तो कॉलेजातला पोरगा आता रविवारी येतो, आणि त्याच्या डोक्यात लांबचरी शिरलीय, नऊ मीटरची, पूर्ण मापाची. मागच्या आठवड्यात आम्ही तेवढी दोरी घेऊन घरापासून गल्लीच्या तोंडापर्यंत चालून बघितलं. किराणा दुकानाच्या वळणावर दोरी भिंतीला घासली. म्हणजे तोफ तीन तुकड्यांत करावी लागणार. पोरगा म्हणाला, "करू की, सांधे बांगड्यांखाली जातील." तेवढ्यासाठी तरी बांगडीची तोफ सोयीची.